ओएलईडी पॅनेलचा लेआउट: आधी वायरिंग, मग पिक्सेल (६.४ इंची सराव-डिझाइन, सोलापूर)

ताणाबाणा

सोलापुरातल्या आपल्या मंडळींनी सरावाला घेतलेल्या डिझाइनसाठी हा धागा. काच कुणी इथे बनवणार नाही, त्याला क्लीनरूम आणि प्रचंड भांडवल लागतं. पण के-लेआउटमध्ये मास्क काढता येतात, एनजीस्पाइसवर सर्किट चालवता येतं, आणि दोन्ही फुकट मिळतात. एवढ्यावर पुष्कळ शिकता येतं.

आकडे असे. १०८० गुणिले २३४० पिक्सेल, ४०० पीपीआय (इंचाला पिक्सेल). पिक्सेलचा पिच ६३.५ मायक्रॉन, उजळणारा भाग ६८.६ बाय १४८.६ मिलिमीटर. एका पिक्सेलात दोनच सबपिक्सेल: एकात लाल-हिरवा, शेजारच्यात निळा-हिरवा. म्हणजे एका सर्किटला जागा मिळते ३१.७५ बाय ६३.५ मायक्रॉन. पूर्ण पांढऱ्याला ५०० निट (उजेडाचं एकक) आणि सरासरी २५ कँडेला प्रति अँपिअर धरले. क्षेत्रफळ ०.०१०२ चौरस मीटर, म्हणून एकूण करंट २०४ मिलिअँपिअर. सबपिक्सेलमागे सरासरी ४० नॅनोअँपिअर.

नवीन लोकांसाठी थोडं. जेकार्डचा माग पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. जेकार्डात एका पिकला सगळे हूक एकाच वेळी ठरतात, मग बाणा जातो, मग पुढची पिक. इथे आडवी स्कॅन लाइन म्हणजे पिक आणि उभ्या डेटा लाइन म्हणजे हूक. फरक एवढाच की कापडात विणलेला धागा जागचा हलत नाही. पिक्सेलला मात्र आपलं व्होल्टेज पुढच्या फ्रेमपर्यंत कपॅसिटरमध्ये धरून ठेवावं लागतं. लेआउटमधली निम्मी काळजी त्या एका कपॅसिटरची असते.

सर्किट ७टी१सी, म्हणजे सात टीएफटी (पातळ थराचे ट्रान्झिस्टर, टी१ ते टी७) आणि एक कपॅसिटर; एलटीपीएस, म्हणजे लेझरने स्फटिक केलेलं सिलिकॉन; सगळे पी-चॅनेल. टी१ ड्रायव्हर. टी४ आधीच्या ओळीच्या स्कॅनवर गेट नोड (टी१ चं गेट) व्हीइनिट या रीसेट व्होल्टेजला आणतो. मग आपल्या ओळीचा स्कॅन आला की टी२ आणि टी३ उघडतात. डेटा टी१ मधूनच गेटवर जातो आणि गेट ‘डेटा वजा व्हीटी’ला येऊन थांबतो (व्हीटी म्हणजे टी१ उघडायला लागणारं व्होल्टेज). टी७ अ‍ॅनोड रीसेट करतो. शेवटी टी५ आणि टी६ एमिशनला उघडतात. टी१ ची रुंदी ३, लांबी २५ मायक्रॉन, नागमोडी. कपॅसिटर ६० फेमटोफॅरड, टी१ च्या गेटवरच गेट-२ ची (गेटच्या दुसऱ्या धातूच्या थराची) पाटी टाकून केलेला. मधलं सिलिकॉन नायट्राइड १३० नॅनोमीटर असेल तर १२६ चौरस मायक्रॉन पुरतात, म्हणजे साधारण ११ बाय ११.

डीआरसी (लेआउटच्या नियमांची तपासणी) स्वच्छ आहे. एकट्या पिक्सेलचं सिम्युलेशनही छान येतं. पण एक उभी रांग २० तुकड्यांत मांडून चालवली तर वरच्या टोकाचा पिक्सेल खालच्यापेक्षा ३८ टक्के मंद दिसतो. ईएलव्हीडीडीची (पिक्सेलच्या धन सप्लायची) लाइन एसडी-१ मध्ये (गेटच्या वरच्या धातूच्या थरात) ३ मायक्रॉन रुंद, दर सबपिक्सेल रांगेला एक. कुठे चुकतंय?

होटगीकर

चूक पिक्सेलात नाही, क्रमात आहे. तुम्ही सात टीएफटी बसवून उरलेल्या फटीतून ईएलव्हीडीडी नेलीत. ओएलईडीत आधी करंट वाहणाऱ्या लाइन मांडायच्या आणि उरलेल्या जागेत टीएफटी बसवायचे. एलसीडीत पिक्सेल व्होल्टेजवर चालतो, सप्लायची लाइन त्याच्या उजेडात मोठा वाटा घेत नाही. इथे प्रत्येक पिक्सेल सतत करंट ओढतो.

हिशेब हाताने करा, म्हणजे स्पाइसवर विश्वास बसेल. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमच्या थरात ०.६ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियम असेल तर चौरसामागे ०.०५ ओहम. १,४८,६०० भागिले ३, म्हणजे ४९,५०० चौरस, म्हणजे सुमारे २,४८० ओहम. अशा २१६० रांगा, प्रत्येकीत ९४ मायक्रोअँपिअर. करंट वाटेत थोडा थोडा सांडत जातो म्हणून घट निम्मी धरायची: ०.११७ व्होल्ट.

आता टी१ कडे या. मोबिलिटी ८०, गेट ऑक्साइड १२० नॅनोमीटर धरला तर ३ बाय २५ च्या टीएफटीला ४० नॅनोअँपिअरसाठी व्हीटीच्या वर फक्त ०.५४ व्होल्ट लागतात. त्यातले ०.११७ गेले. उरलेल्याचं गुणोत्तर वर्गात टाका: ०.६१. तुमचे ३८ टक्के इथेच आहेत.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की ७टी१सी म्हणजे सगळंच कॉम्पेन्सेट होतं. होत नाही. व्हीटी सूत्रातून निघून जातो, ईएलव्हीडीडी तिथेच राहते. करंट ‘ईएलव्हीडीडी वजा डेटा’च्या वर्गावर ठरतो, आणि ती ईएलव्हीडीडी त्या पिक्सेलच्या जागेवरची असते, पॉवर आयसीच्या पायाजवळची नव्हे.

सिद्धेश्वर_पेठ

मग साधं २टी१सी का वापरत नाहीत, जागा तरी वाचेल? हा प्रश्न परीक्षेतसुद्धा येतो, म्हणून विचारते.

होटगीकर

ताई, त्याच ०.५४ वर मोजा. एलटीपीएसमध्ये स्फटिकांच्या सीमा कुठे पडतील ते एक्सायमर लेझरच्या हातात असतं. शेजारच्या दोन टीएफटींच्या व्हीटीत ०.१ व्होल्टचा फरक पडला तरी करंटमध्ये ३४ टक्के फरक. डोळ्याला शेजारच्या दोन ओळींतला एक-दोन टक्क्यांचा फरकही कळतो. लेझरची रेघ ज्या दिशेने सरकते तिला आडवे पट्टे उमटतात, तो मुरा (असमान उजेडाचा दोष) याच कारणाने.

कडक_भाकरी

ईएलव्हीडीडी खालून येते, वरूनही द्या की! दोन्ही टोकांनी दिली तर घट चौथ्या हिश्श्यावर येते. बाजूच्या बेझलमधून (न उजळणाऱ्या कडेतून) एक-एक पट्टी वर न्यायची, काम झालं.

होटगीकर

कागदावर चौथा हिस्सा बरोबर आहे, पण ती वरची पट्टी किती ओहमची ते मोजा. बेझलमध्ये ०.३ मिलिमीटर जागा मिळाली आणि एसडी-१ आणि त्याच्या वरचा धातूचा थर एसडी-२, असे दोन्ही थर जोडले तरी चौरसामागे ०.०२५ ओहम. १४८.६ भागिले ०.३ म्हणजे ४९५ चौरस, १२.४ ओहम. दोन बाजूंच्या मिळून ६.२. वरून निम्मा करंट म्हणजे १०२ मिलिअँपिअर द्यायचा तर त्या पट्ट्यांतच ०.६३ व्होल्ट जातात. मुळात ०.११७ वाचवायला निघालो होतो.

उलट पॅनेलच्या पोटातल्या २१६० लाइन एकत्र पाहा. एसडी-२ चा थर ईएलव्हीडीडीला देऊन रांगेमागे २० मायक्रॉन रुंदी केली तर एक रांग ३७२ ओहमची, आणि सगळ्या समांतर मिळून ०.१७ ओहम! अरुंद बेझलपेक्षा पिक्सेलखालची जाळी कितीतरी चांगली वाहक आहे. म्हणून रुंदी पोटात वाढवा.

२० मायक्रॉनला घट ०.०१७५ व्होल्ट, करंटमध्ये ६.४ टक्के. एसडी-१ ची जुनी ३ मायक्रॉनची लाइनही खाली ठेवा, दर पिक्सेलला व्हाया (थरांना जोडणारं भोक) मारून जोडा, ती आणखी थोडा भार उचलते. आडव्या दिशेलाही जोडा. आडव्या जोडण्यांनी वर-खालचा उतार कमी होत नाही, पण पडद्याच्या एका भागात पांढरा चौकोन आला की त्या रांगांना शेजारच्या रांगांकडून करंट मिळतो, आणि एखादी लाइन तुटली तर रांग काळी पडत नाही. उरलेला गुळगुळीत उतार ड्रायव्हर आयसी डेटातून भरून काढतो. डोळ्याला सलग उतार फारसा खुपत नाही, पायरी खुपते.

खालची ईएलव्हीडीडीची आडवी पट्टी विसरू नका. १ मिलिमीटर रुंद ठेवा आणि एफपीसीकडून (लवचीक केबलकडून) दोन ठिकाणी, डावीकडून पाव अंतरावर आणि उजवीकडून पाव अंतरावर, जोडा. मग तिच्यातली घट ११ मिलिव्होल्टच्या आसपास राहते. मधोमध एकाच ठिकाणी जोडलीत तर अंतरही दुप्पट आणि करंटही दुप्पट, घट चौपट.

मायक्रॉन

ईएलव्हीएसएसचंही (कॅथोडकडच्या सप्लायचंही) इथेच आटपू या. टॉप एमिशनमध्ये कॅथोड मॅग्नेशियम-चांदीचा, १०-१५ नॅनोमीटर, उजेड आरपार जावा म्हणून इतका पातळ. चौरसामागे १० ओहम धरा. दोन्ही उभ्या कडांनी जोडला तर मध्यावर ०.१२ व्होल्ट चढ येतो. पण कडेची ईएलव्हीएसएस पट्टी ०.४ मिलिमीटरची असेल तर तिच्या वरच्या टोकाला आणखी ०.४७ व्होल्ट जातात. मिळून जवळजवळ ०.६.

इथे ईएलव्हीडीडीसारखा उजेड थेट घटत नाही, कारण टी१ सॅच्युरेशनमध्ये असतो आणि ड्रेनकडचं व्होल्टेज त्याला फारसं कळत नाही. पण सॅच्युरेशनला पुरेल इतकी जागा ईएलव्हीएसएसमध्ये ठेवली नाही तर वरच्या भागात आधी निळा मार खातो, कारण त्याला व्होल्टेज जास्त लागतं. पांढऱ्यावर पिवळसर झाक येते. म्हणून ०.६ व्होल्ट जास्त खाली न्यायचं, आणि पूर्ण पांढऱ्याला ०.१२ वॅट फुकट जाळायचे. बेझल बारीक करण्याची खरी किंमत ही आहे.

ताणाबाणा

एसडी-२ मध्ये २० मायक्रॉन टाकून पाहिलं, उतार सुमारे ६ टक्क्यांवर आला. दोघांचे मनापासून आभार. आता अ‍ॅनोडची मांडणी. मी सरळ लाल-हिरवा-निळा पट्ट्यांची मांडणीही करून पाहत होतो. ती का सोडावी लागते, हे कुणी आकड्यात मांडेल का?

मायक्रॉन

फाइन मेटल मास्कमुळे. इन्व्हारची २०-३० मायक्रॉन जाडीची जाळी, तिच्यातून एकेक रंग व्हॅक्यूममध्ये वाफेने बसवतात. मास्क जागच्या जागी बसण्यातली चूक, ताणण्यातली चूक, आणि वाफ तिरकी येते म्हणून भोकाच्या कडेला पडणारी सावली, हे सगळं धरून दोन वेगळ्या रंगांच्या पीडीएलच्या (पिक्सेलांमधल्या भिंतीच्या) खिडक्यांमध्ये साधारण २० मायक्रॉन सोडावे लागतात. पट्ट्यांत ४०० पीपीआयला सबपिक्सेलचा पिच २१.२ मायक्रॉन. २० सोडले की उजळायला १.२ मायक्रॉन. संपलं.

हिऱ्याच्या मांडणीत हिरवे ६३.५ च्या चौकटीवर, आणि लाल-निळे त्या चौकटींच्या मध्यावर आलटून पालटून. शेजारच्या हिरव्या आणि निळ्यात तिरकं अंतर ६३.५ भागिले वर्गमूळ २, म्हणजे ४४.९. त्यातून २० वजा केले तरी २४.९ उरतात. हिरव्याला मध्यापासून १०, निळ्याला १५ द्या, लालला १२. बाजू अनुक्रमे २०, ३०, २४. दोन पिक्सेलांच्या ८,०६५ चौरस मायक्रॉनमध्ये उजळणारं क्षेत्र २,२७६, म्हणजे २८ टक्के. निळा मुद्दाम मोठा, कारण तो आधी थकतो. क्षेत्र वाढलं की करंटची घनता उतरते आणि आयुष्य वाढतं. हिरवा सर्वांत कार्यक्षम, शिवाय संख्येने दुप्पट, त्याला लहान ठेवलं तरी चालतं.

या मांडणीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर्किटं आयताकृती जाळीवर आणि अ‍ॅनोड हिऱ्याच्या जाळीवर असतात. अ‍ॅनोडला शेपटी काढून ती टी६ च्या व्हायापर्यंत न्यावी लागते. तो व्हाया पीडीएलच्या खिडकीत येता कामा नये, काही झालं तरी! भोकात अ‍ॅनोड खचतो. वरचे सेंद्रिय थर सगळे मिळून काही शे नॅनोमीटरचेच. खड्ड्याच्या काठावर ते पातळ होतात आणि तिथे कॅथोड-अ‍ॅनोड शॉर्ट होतो. व्हाया पीडीएलच्या भिंतीखाली, खिडकीच्या कडेपासून निदान २-३ मायक्रॉन आत दाबून ठेवा.

सिद्धेश्वर_पेठ

खिडकीखालून एसडी-२ ची लाइन गेली तर चालतं का? वर प्लॅनरायझेशनचा (सपाट करणारा) थर असतोच.

मायक्रॉन

चालतं, पण सममित गेली पाहिजे. प्लॅनरायझेशन दीड-दोन मायक्रॉनचं असलं तरी खालचा उंचवटा पुरता झाकत नाही, वर थोडी टेकडी उरते. लाइन खिडकीच्या फक्त डाव्या अर्ध्याखालून गेली तर अ‍ॅनोड एका बाजूला कलतो, आणि पडदा डावीकडून गुलाबी, उजवीकडून हिरवट दिसतो. खिडकीखाली एक तर पूर्ण पाटी ठेवा, नाही तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या लाइन. ईएलव्हीडीडीची २० मायक्रॉनची पाटी इथे दोन कामं करते: करंटही वाहते आणि अ‍ॅनोडला सपाट बैठकही देते.

होटगीकर

आणि तिसरं काम ढालीचं. ताणाबाणा, तुमच्या चित्रात डेटा लाइन गेट नोडच्या एसडी-१ तुकड्याला १.८ मायक्रॉनवर समांतर जातेय. ते अंतर डीआरसीत पास होतं, पण पडद्यावर नापास. दोघांत ०.१ फेमटोफॅरड कपलिंग असलं तरी डेटा ४ व्होल्ट हलला की ६० फेमटोफॅरडच्या गेटवर ६.७ मिलिव्होल्टचा धक्का बसतो. पूर्ण उजेडाला ०.५४ व्होल्टसमोर हा अडीच टक्के. ग्रे ६४ ला (२५५ पैकी ६४ या राखाडी पातळीला) करंट पाच टक्क्यांवर येतो आणि व्हीटीच्या वर उरतात ०.१२ व्होल्ट, तिथे हाच धक्का ११ टक्क्यांचा. राखाडी पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन दाखवला की त्याच्या वर आणि खाली वेगळ्या छटेचा उभा पट्टा दिसतो, तो हाच.

उपाय: डेटा आणि गेट नोडच्या मध्ये ईएलव्हीडीडीला जोडलेली एसडी-१ ची बारीक बोटं घाला आणि वरून एसडी-२ ची पाटी गेट नोडवर पूर्ण ओढून घ्या. टी३ दुहेरी गेटचा असतो, त्याच्या दोन गेटांमधला पॉलीचा (सिलिकॉनचा) तुकडा तरंगता असतो. स्कॅन बंद होताना तो वर उडतो आणि मग हळूहळू गेट नोडमध्ये गळतो. त्याच्यावरही डीसी पाटी हवी. ही विसरली की कमी रिफ्रेशला लुकलुक दिसते.

कडक_भाकरी

मग कपॅसिटरच १२० फेमटोफॅरडचा करा. गळतीही निम्मी लागेल, कपलिंगही निम्मं.

होटगीकर

६० हर्ट्झला चालेल. १२० ला अडेल. ओळीचा वेळ पाहा: ६० ला ७.१ मायक्रोसेकंद, १२० ला ३.५६. त्यातून डेटा बसायचा वेळ वजा जाता कॉम्पेन्सेशनला अडीचच्या आसपास उरतात. टी१ डायोडसारखा जोडलेला असताना जसजसा व्हीटीजवळ येतो तसतसा त्याचा करंट आटत जातो. ६० फेमटोफॅरडला ६ मायक्रोसेकंदांत तो व्हीटीच्या ०.०७ व्होल्टवर येतो, अडीचमध्ये फक्त ०.१७ वर. कपॅसिटर दुप्पट केला की हे आकडे जवळपास दुप्पट. आणि स्कॅनची कड दूरच्या टोकाला लोळते, तिथल्या पिक्सेलला आणखी कमी वेळ मिळतो. गेटचा थर मॉलिब्डेनमचा, पाव मायक्रॉन, चौरसामागे साधारण अर्धा ओहम; साडेतीन मायक्रॉनची स्कॅन लाइन ६८.६ मिलिमीटरला ९ किलोओहमच्या पुढे जाते. म्हणून गेट ड्रायव्हर दोन्ही बाजूंना ठेवतात. विलंब चौथ्या हिश्श्यावर येतो.

गळतीचं उत्तर कपॅसिटर मोठा करणं नव्हे. १० फेमटोअँपिअर गळतीला १६.७ मिलिसेकंदांत २.८ मिलिव्होल्ट सरकतात, ते खपतं. १ हर्ट्झवर चालवायचं तर एका सेकंदात १६७ मिलिव्होल्ट, ते कुठलाही कपॅसिटर सांभाळू शकत नाही. तिथे टी३ आणि टी४ ऑक्साइड टीएफटीचे करतात, तेच एलटीपीओ. त्याला मास्क वाढतात, आणि ते टीएफटी एन-चॅनेल असल्याने त्यांना उलट्या ध्रुवाचा स्कॅन वेगळा न्यावा लागतो. आणखी एक आडवी लाइन, म्हणजे पुन्हा जागेचा प्रश्न.

यंत्रमाग_टेक

थोडं विषयाच्या बाजूला जातो. एमआयडीसीतल्या मागांच्या कंट्रोलरवर ०.९६ इंची, १२८ बाय ६४ चे ओएलईडी डिस्प्ले पुष्कळ बसवले जातात. पिक आणि स्पीडचे आकडे दिवसरात्र एकाच जागी. दोन तक्रारी नेहमीच्या: ज्या ओळीत जास्त ठिपके पेटतात ती मंद दिसते, आणि काही महिन्यांनी आकड्यांचा ठसा राहतो. हा लेआउटचाच दोष म्हणायचा का?

मायक्रॉन

विषयातलंच आहे दादा. ते पॅसिव्ह मॅट्रिक्स असतात, पिक्सेलात टीएफटी नाही, कपॅसिटर नाही. उभ्या आयटीओच्या (पारदर्शक वाहकाच्या) पट्ट्या, त्यावर आडव्या कॅथोडच्या. एका वेळी एकच ओळ पेटते, म्हणजे ६४ पैकी एक हिस्सा वेळ. डोळ्याला सरासरी १०० निट हवे तर त्या क्षणी ६,४०० निट काढावे लागतात. ठसा लवकर पडण्याचं मोठं कारण हे.

ओळ मंद होण्याचं कारण वायरिंग. एसएसडी१३०६ या ड्रायव्हर चिपमध्ये एका सेगमेंटला जास्तीत जास्त १०० मायक्रोअँपिअर, पण ओळीतले १२८ ठिपके पेटले की त्यांचा १२.८ मिलिअँपिअर एकाच कॅथोड पट्टीतून आणि चिपच्या एकाच कॉमनमधून परततो. त्या वाटेत घट झाली की करंट सोर्सला जागा उरत नाही. एकच ठिपका असेल तर काही होत नाही. लेआउट करणारा कॅथोडची वाट कडेला धातूची आणि रुंद ठेवतो, आयटीओची नाही, कारण आयटीओ चौरसामागे १०-१५ ओहम. तरी पूर्ण जात नाही.

तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. कॉन्ट्रास्ट हेक्स ८१ च्या कमांडने उतरवा, निम्म्यावर आणलं तरी शेडच्या सावलीत वाचता येतं. मजकूर दर काही मिनिटांनी एक-दोन ठिपके सरकवा. माग बंद असेल तेव्हा डिस्प्ले झोपवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये उष्णता जास्त असते आणि गरम ओएलईडी लवकर म्हातारा होतो, तेव्हा तो मॉड्युल पॉवर सप्लायच्या हीटसिंकला लागून बसवू नका. ठिपके कडेकडून काळे होत आत येत असतील तर तो ठसा नव्हे, सीलमधून ओलावा शिरतोय. त्याला इलाज नाही, बदला.

यंत्रमाग_टेक

कॉन्ट्रास्टचं उद्याच करतो. आभार.

सिद्धेश्वर_पेठ

फॅनआउट कुणी काढायला घेतलाय का? मी चिपपासूनच्या डेटा लाइन गेट-१ आणि गेट-२ मध्ये आलटून पालटून नेल्या आहेत. एकाच थरात २१६० लाइन ३० मिलिमीटरच्या चिपकडे आणायच्या तर पिच १३.९ मायक्रॉन, तिरक्या भागात तो आणखी आवळतो.

होटगीकर

आलटून पालटून हेच बरोबर. पण दोन्ही थरांची जाडी कारखान्यात वेगवेगळी सरकते, मग विषम रांगा आणि सम रांगा यांचा रेझिस्टन्स वेगळा, आणि १२० हर्ट्झला बारीक उभ्या रेघा. प्रत्येक लाइन अर्ध्या वाटेत दुसऱ्या थरात बदला, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला दोन्ही थर सारखे येतील. मधल्या लाइन आखूड असतात, त्यांना नागमोडी करून कडेच्यांशी जुळवा. अगदी समान करायची गरज नाही, शेजारच्या दोघींत उडी नसावी एवढं बघा.

१:२ डीमक्स (एक लाइन दोन रांगांना वाटणारं सर्किट) घातला तर चिपकडे १०८० लाइन उरतात, पण ओळीचा वेळ दोन हिश्श्यांत वाटला जातो. १२० ला दोन्ही वाचवता येत नाहीत, एक निवडा.

आणखी एक. एका रांगेत लाल आणि निळा आलटून पालटून येतात. पूर्ण लाल चित्र दाखवताना ती डेटा लाइन दर ओळीला वर-खाली नाचते. २० पिकोफॅरड, ४ व्होल्ट, १०८० लाइन: ६० हर्ट्झला २४ मिलिवॅट, १२० ला ४८. त्या रांगांच्या शेजारी गेट नोड नेऊ नका. हिरव्याची डेटा लाइन शांत असते, नोड तिच्या बाजूला वळवा.

मायक्रॉन

लांब गेट लाइन एकसंध काढल्या असतील तर त्यांना ईएसडीसाठी (साठलेल्या चार्जच्या धक्क्यापासून बचावासाठी) दोन्ही टोकांना डायोड जोडा. ड्राय एचिंगमध्ये लांब धातू चार्ज गोळा करतो आणि पहिल्याच टीएफटीचा गेट ऑक्साइड फुटतो. फॅनआउटमधली लाइन एका ठिकाणी तोडून वर एसडी-१ च्या पुलाने जोडली तरी चालतं. एचिंगच्या वेळी ती तुटकीच असते.

आणि प्लॅनरायझेशनचा थर कडेपर्यंत सलग नेऊ नका. सेंद्रिय थर ओलावा वाहून नेतो. उजळणाऱ्या भागाभोवती तो पूर्ण खोदून दरी ठेवा, तिच्यात एन्कॅप्सुलेशनचा (वरच्या सीलचा) नायट्राइड थेट खालच्या अजैव थराला चिकटला पाहिजे.

ताणाबाणा

बदल करून पुन्हा चालवलं. एसडी-२ मध्ये ईएलव्हीडीडी २० मायक्रॉन, खाली एसडी-१ समांतर, आडव्या जोडण्या दर ओळीला. गेट नोडचा एसडी-१ तुकडा हिरव्याच्या डेटाकडे वळवला, मध्ये ईएलव्हीडीडीचं बोट घातलं, कपलिंग ०.१ वरून ०.०२ फेमटोफॅरडवर आलं. ग्रे ६४ ला धक्का आता साधारण सव्वादोन टक्के. कपॅसिटर ६० च ठेवला.

अडचण एकच उरली आहे. निळ्याचा अ‍ॅनोड एवढा मोठा झालाय की त्याची शेपटी व्हायापर्यंत नेताना शेजारच्या हिरव्याच्या खिडकीपासून फक्त ४ मायक्रॉन राहतात.

मायक्रॉन

अ‍ॅनोडच्या धातूला ४ पुरतात, २० चा नियम खिडक्यांचा आहे, अ‍ॅनोडचा नाही. पण शेपटी अरुंद ठेवा, ३ मायक्रॉनच्या वर नको. अ‍ॅनोडचं क्षेत्र वाढलं की त्याचं कपॅसिटन्स वाढतं, आणि अंधारातून पहिल्यांदा उजळताना निळा उशिरा पेटतो. काळ्या पानावर पांढरी अक्षरं सरकवताना मागे रंगीत शेपूट दिसते.

आणि फक्त निळा लावून लालकडे पाहा. होल (धन-वाहक) नेणारा सामाईक थर सगळ्या पिक्सेलांवर एकच असतो, त्यातून थोडा करंट आडवा सरकतो, आणि लालला पेटायला व्होल्टेज कमी लागतं म्हणून तो आधी उजळतो. टी७ चं व्होल्टेज व्हीइनिटपासून वेगळं काढून थोडं खाली नेलंत तर हे बरंच आवरतं. त्यासाठी आणखी एक आडवी लाइन लागेल. एसडी-२ मध्ये जागा नाही, गेट-२ मध्ये आहे.

ताणाबाणा

गेट-२ मध्ये व्हीइनिटच्या शेजारी २ मायक्रॉनची लाइन बसते, मोजून पाहिलं. सुधारलेली फाइल रविवारपर्यंत टाकतो. तपासणाऱ्यांनी चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागांचं सिम्युलेशन करावं, आणि प्रत्येक ठिकाणी ग्रे ६४ व २५५ दोन्ही.